लोकप्रिय कादंबरीला सवलत नको

लोकप्रिय कादंबऱ्यांवरचा वाद दर काही महिन्यांनी पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन विझतो. एक बाजू म्हणते, "याला काय साहित्य म्हणायचं? हा नुसता टाइमपास." दुसरी म्हणते, "असू दे की, लोक निदान वाचतात तरी!" पहिलं वाक्य झोंबतं, कारण त्यातली तुच्छता उघड आहे. पण गेल्या काही महिन्यांत मी ओळीने आठ-दहा लोकप्रिय कादंबऱ्या वाचल्या, बऱ्याचशा थरारकथा, तीन प्रेमकथा, दोन अद्भुतकथा, आणि आता माझं ठाम मत झालं आहे की या पुस्तकांचं जास्त नुकसान दुसरं वाक्य करतं. टाइमपास म्हणून नाक मुरडणाऱ्याची पुस्तकाकडून काही अपेक्षा तरी असते, आणि ती पुरी झाली नाही याचा राग असतो. 'निदान वाचतात तरी' म्हणणाऱ्याने अपेक्षाच सोडलेली असते. एखाद्या मुलाबद्दल "निदान शाळेत तरी जातो" असं आपण कधी म्हणतो? त्याच्या अभ्यासाची आशा संपल्यावर.

माझं म्हणणं सरळ आहे. वाचणाऱ्याला पान उलटायला लावणारी गोष्ट लिहिणं हे अवघड काम आहे, आणि कुठल्याही अवघड कामासारखं ते कधी उत्तम साधतं, कधी पार बिघडतं. साधलं की बिघडलं हे सांगता आलं पाहिजे, तेही नेमक्या पानावर बोट ठेवून. लोकप्रिय कादंबरीची समीक्षा कडक हवी आणि ती तिच्या स्वतःच्या कसोट्यांवर व्हायला हवी. गंभीर कादंबरीच्या मोजपट्टीने तिला ठेंगणी ठरवणं हा अन्याय आहे. तिला मोजायचंच नाही असं ठरवणं हा त्याहून मोठा अन्याय आहे.

अलीकडेच वाचलेल्या दोन थरारकथांचं उदाहरण घेते. नावं देत नाही, कारण दोन्हींचा जीव शेवटच्या धक्क्यात आहे. दोन्हींत नवरा बेपत्ता आहे, बायको 'मी' म्हणून गोष्ट सांगते, आणि शेवटी कळतं की त्याला तिनेच मारलं. पहिल्या कादंबरीत एका रात्री ती खिडकीशी उभी आहे. घरात कोणी नाही, फोन बंद आहे. आणि ती मनाशी म्हणते, "कुठे असेल तो आत्ता? थंडीत कुडकुडत तर नसेल?" शेवट वाचून झाल्यावर मी या पानावर परत आले आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तो कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, तिनेच त्याला पुरलं आहे. मग हा प्रश्न ती विचारते कोणाला? समोर पोलीस नाहीत, सासू नाही, शेजारीण नाही. ती स्वतःचीच समजूत घालते आहे म्हणावं, तर तिला असा काही भ्रम झाल्याची खूण पुस्तकात मागे-पुढे कुठेही नाही. त्या खोलीत तिचं ऐकणारी मी एकटीच आहे. लेखकाने पात्राच्या तोंडून मला खोटं सांगितलं, आणि तीनशे पानांनंतर त्या खोट्यालाच ट्विस्ट म्हटलं.

दुसऱ्या कादंबरीतही बाई एकटी आहे, तीही नवऱ्याला आठवते आहे. ती म्हणते, "शेवटचं पाहिलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. उठवावंसं वाटलं नाही." पहिल्या वाचनात हे एका दमलेल्या संसाराचं वाक्य वाटतं. बायको पहाटे कामाला निघाली आहे, नवरा झोपला आहे, बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसऱ्या वाचनात त्याच वाक्याने अंगावर काटा येतो. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी हातात पेन्सिल घेऊन पुस्तक पुन्हा चाळलं आणि अशी अकरा वाक्यं सापडली, दोन्ही वाचनांत खरी ठरणारी. आणि त्या 'वाटलं नाही'कडे बघा. किती थंड शब्द आहेत ते! त्या बाईचा अख्खा स्वभाव त्यात आहे, आणि मला वाटतं, खुनाचं खरं कारणही त्यातच आहे.

आता या दोन पुस्तकांबद्दल लोक काय बोलतात? "एका बैठकीत संपवलं." "शेवटपर्यंत कळलंच नाही." "खाली ठेववेना." दोन्हींबद्दल शब्दन् शब्द तेच. नाक मुरडणाऱ्यांच्या लेखीही दोन्ही एकाच गोणीतली. वास्तविक एका लेखकाने वाचकाला फसवलं आहे आणि दुसऱ्या लेखिकेने चकवलं आहे. फसवणं आणि चकवणं असे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत, रोजच्या बोलण्यात आपण ते वेगळे वापरतो, आणि पुस्तकाविषयी बोलताना मात्र विसरतो. त्या लेखिकेने एकेक वाक्य दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिलं असणार. तिच्या या कष्टाची दखल कौतुक करणारेही घेत नाहीत, मग नावं ठेवणारे काय घेणार?

असा फरक करणं म्हणजे रंजनाच्या पुस्तकावर प्राध्यापकी ओझं लादणं, असं कोणी म्हणेल. इतिहास नेमकं उलटं सांगतो. १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' आली तेव्हा तिचा शेवट न्याय्य आहे की नाही यावर जोरदार वाद झाला. (तो शेवट ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी इथे सांगत नाही.) तो वाद विद्यापीठांत पेटला नव्हता. तो रहस्यकथेच्या वाचकांत आणि लेखकांत होता, आणि पुस्तक उघडून, वाक्यं तपासून होत होता. १९२८ मध्ये एस. एस. व्हॅन डाइन या रहस्यकथाकाराने वीस नियम लिहिले, पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्सने दहा. नॉक्स पेशाने धर्मगुरू आणि स्वतः रहस्यकथा लिहिणारा. वाचकाला न दाखवलेला धागा पकडून गुन्हा सोडवायचा नाही, गुप्तहेराच्या भाबड्या मित्राच्या मनात जे येईल ते वाचकापासून लपवायचं नाही, असे ते नियम. १९३० मध्ये लंडनला रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. त्याच्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की आपला गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा सोडवणार नाही. यातले कित्येक नियम चांगल्या लेखकांनी पुढे मोडले, ख्रिस्तीने तर मनसोक्त मोडले. पण मोडायलाही आधी नियम असावा लागतो. 'हे चालेल, हे चालणार नाही' असं म्हणणारी माणसं त्या प्रकाराच्या आतली होती, त्यावर जीव असलेली होती.

त्यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण रेमंड चँडलरचं. हा स्वतः गुन्हेगारी कादंबऱ्या लिहून पोट भरणारा माणूस. १९४४ मध्ये त्याने 'द सिंपल आर्ट ऑफ मर्डर' हा निबंध लिहिला आणि त्यात ए. ए. मिल्नच्या 'द रेड हाउस मिस्टरी' या १९२२ च्या अतिशय लोकप्रिय रहस्यकथेचा एकेक सांधा सोडवून दाखवला. प्रेताची कायदेशीर ओळख पटवल्याशिवाय चौकशी पुरी होतेच कशी, असे त्याचे प्रश्न. गोष्ट खऱ्या जगाचा आव आणते ना, मग खऱ्या जगाचे प्रश्न तिला विचारणारच, ही त्याची भूमिका. एका लोकप्रिय लेखकाने दुसऱ्या लोकप्रिय पुस्तकाला दिलेला हा मान आहे, कारण ज्याला आपण क्षुल्लक समजतो त्याचे सांधे कोणी तपासत बसत नाही. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, एडमंड विल्सन या मोठ्या समीक्षकाने याच रहस्यकथांवर लेख लिहिला. त्याचा मथळाच होता: रॉजर अॅक्रॉइडला कोणी मारलं याची पर्वा कोणाला आहे? विल्सनने काही पुस्तकं वाचली होती, तो कष्टाळू वाचक होता. पण मोजकी पुस्तकं वाचून त्याने निकाल अख्ख्या प्रकारावर दिला. रहस्यकथा चांगली कशी लिहावी, हे आज चँडलरच्या निबंधातून शिकता येतं. विल्सनच्या लेखातून फार तर विल्सनची आवडनिवड कळते.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि तो मला मनापासून पटतो. लोकप्रिय पुस्तकांवरच्या टीकेआड बहुतेक वेळा त्यांच्या वाचकांविषयीची घृणा लपलेली असते. कोणाची आवड हलकी ठरते, हे बघा: बायकांची, पोरासोरांची, नव्याने वाचू लागलेल्यांची. १८१७ मध्ये इंग्रज कवी कोलरिजने लिहिलं की वर्गणीवर पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयांतून कादंबऱ्या आणून वाचणाऱ्यांच्या या उद्योगाला वाचन म्हणण्याचं धाडस आपल्याला होत नाही, हे वेळ घालवणंही नाही, वेळेला मारणं आहे. दोनशे वर्षं झाली, आपला 'टाइमपास' हा शब्द त्याच वाक्यातून निघाल्यासारखा आहे. प्रेमकथेच्या वाट्याला हे सर्वांत जास्त आलं. मी स्वतः कॉलेजात असताना प्रेमकथा वहीत घालून वाचल्या आहेत; खुनाच्या गोष्टी मात्र मुलं बाकावर उघड्या ठेवून वाचत. खुनाची लाज नाही, प्रेमाची आहे. तेव्हा "आमच्या पुस्तकांना नावं ठेवू नका" असं कोणी कळवळून म्हणतं, तेव्हा त्यामागे किती वर्षांचं ऐकून घेणं साठलेलं आहे, हे मी जाणते.

पण त्या ऐकून घेण्याला उत्तर काय द्यायचं? कोलरिजचं ते वाक्य छापून आलं त्याच वर्षाच्या अखेरीस जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर अॅबी' प्रसिद्ध झाली, तिच्या मृत्यूनंतर. त्यात तिने मध्येच गोष्ट थांबवून कादंबरीची बाजू इतक्या आवेशाने मांडली आहे की आजही वाचताना छाती भरून येते. माणसाच्या स्वभावाचं सखोल ज्ञान आणि भाषेचं सर्वांत चोख रूप ज्यात दिसतं, ते पुस्तक वाचताना मुलींनी 'छे, नुसती कादंबरी आहे' म्हणून का लाजावं, असं ती विचारते. आणि त्याच पुस्तकात तिची नायिका भयकथांच्या नादाने जुन्या हवेलीतल्या कपाटाच्या आत लपलेली कागदांची गुंडाळी धडधडत्या काळजाने बाहेर काढते, काजळी काढायला जाते तर मेणबत्तीच विझते, रात्री तीन वाजून जातात तरी झोप लागत नाही. सकाळी बघते तर कपडे धुतल्याची बिलं! भयकथांचे सगळे ठरीव डावपेच ऑस्टिनला पाठ होते, कारण तिने त्या आवडीने वाचल्या होत्या. बाजू घेणं आणि चूक दाखवणं ही दोन्ही कामं तिने एकाच पुस्तकात केली. तिला त्यात विरोध दिसला नाही. मग आपल्यालाच का दिसतो?

उलट मला असं वाटतं की चूक न दाखवणं हाच वाचकाचा अपमान आहे. "त्यांना चालतं" या म्हणण्यात 'त्यांना कळत नाही' हे दडलेलं असतं. आणि त्यांना कळतं! आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, वाचक खवळले, १९०१ मध्ये तो मरण्याआधीच्या काळातली म्हणून त्याची एक कादंबरी सुरू झाली आणि १९०३ मध्ये होम्स सरळ जिवंत होऊन परतला. वाचकांच्या दबावाची कथा म्हणून हे सगळे सांगतात. त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग डॉयलने स्वतः नोंदवून ठेवला आहे. कॉर्नवॉलमधला एक नावाडी त्याला म्हणाला की होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही. दिवसभर वल्ही मारणारा, फुरसतीत करमणुकीसाठी वाचणारा हा माणूस. त्याने आयुष्यात समीक्षेचा एक शब्द वाचला नसेल. पण परतीनंतरच्या गोष्टींत काहीतरी उणं आहे, हे त्याला कळलं आणि लेखकाच्या तोंडावर सांगता आलं. त्याला "तू निदान वाचतोस तरी" म्हणून कोणी पाठ थोपटली असती, तर?

दमून आलेल्या माणसाला विसाव्यासाठी पुस्तक हवं असतं, त्याच्या मागे ही तपासणी का लावायची, या प्रश्नालाही माझं उत्तर त्या नावाड्याकडेच आहे. विसावा हवा असतो म्हणूनच गोष्ट नीट विणलेली लागते. खाट ढिली असेल तर ती आधी दमलेल्याच्याच पाठीला कळते.

दुसरा आक्षेप चौकटीचा. लोकप्रिय कादंबऱ्या साच्यातून काढलेल्या असतात, एक वाचली की सगळ्या वाचल्या, मग समीक्षा कशाची करायची? हल्ली तर साच्याचं नावच पुस्तकावर लिहून येतं: शत्रू होते ते प्रेमात पडले, लग्नाचं नाटक केलं आणि खरंच जीव जडला, तिघांचा गुंता. काय घडणार हे पहिल्या पानाआधीच ठाऊक. मान्य. पण साचा म्हणजे दोषच असेल, तर ओवीचं काय करायचं? तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. ज्ञानेश्वरांनी याच चौकटीत नऊ हजार ओव्या लिहिल्या, आणि त्याच चौकटीत पुढे कितीतरी जणांनी लिहिलेलं कोणी उघडूनही पाहत नाही. चौकट तीच. चौकट सारखी असली की फरक जास्त स्पष्ट दिसतो, कारण नजर काय घडलं यावरून उठून कसं घडवलं यावर जाते.

प्रेमकथेत हे फार स्वच्छ दिसतं. दोघं शेवटी एकत्र येणार हे ठरलेलंच असतं. सगळा प्रश्न असतो तो मधल्या अडथळ्याचा. मी वाचलेल्या तिनांपैकी एकीत नायक नायिकेला एका अनोळखी पुरुषाच्या मिठीत पाहतो आणि शहर सोडून निघून जातो. तो पुरुष तिचा भाऊ. "हा कोण?" एवढं विचारलं असतं तर पुस्तक तिथेच संपलं असतं, आणि पुढची सव्वाशे पानं केवळ त्याने न विचारल्यामुळे आहेत. ज्या माणसाला एक साधा प्रश्न विचारता येत नाही त्याच्याशी या मुलीचं पुढे कसं निभणार, याचा विचार लेखकाच्या मनाला शिवलेला नाही. दुसऱ्या कादंबरीतल्या नायिकेला तिच्यावर प्रेम करणारा माणूस पन्नासाव्या पानावरच सगळं स्पष्ट सांगतो. गैरसमज काहीच नाही. पण आपल्याला कोणाची गरज नाही या एका गोष्टीवर तिने आजवरचं आयुष्य उभं केलं आहे, आजारपणातसुद्धा कोणाला फोन न करण्याचा तिला अभिमान आहे. होकार द्यायचा तर तो अभिमान मोडावा लागेल. इथे अडथळा योगायोगाने आणून टाकलेला नाही, तो तिच्या आत आहे, आणि म्हणून शेवटी ती तापाने फणफणलेली असताना त्याचा नंबर फिरवते तेव्हा ते साधंसं दृश्य वाचून मला रडू आलं. साचा एकच होता, शेवटही एकच. या दोन पुस्तकांत काही फरक नाही असं म्हणणाऱ्याने ती वाचलेली नाहीत.

तिसऱ्या प्रेमकथेने मला अस्वस्थ केलं. त्यातला नायक नायिकेच्या नकळत तिचे मेसेज वाचतो, ती कुठे जाते यावर पाळत ठेवतो, आणि हे सगळं प्रेमाची खोली म्हणून येतं. अशा पुस्तकांवरून जो वाद होतो तो तर पार वाया जातो. एकीकडून "बंदी घाला, मुली बिघडतील", दुसरीकडून "अहो, गोष्ट आहे ती, इतकं काय मनावर घेता". दोघांनाही पुस्तक उघडायची गरज वाटत नाही. मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: आपण काय दाखवतो आहोत, हे या पुस्तकाला ठाऊक आहे का? मत्सरी, पाळत ठेवणारा प्रियकर दाखवायला कोणाचीच हरकत नसावी. माणसं तशी असतात आणि त्यांच्यावर प्रेमही जडतं. पण नायिकेला त्याची भीती वाटते का, वाटत नसेल तर का नाही, तिची मैत्रीण काही बोलते का, लेखक ती मैत्रीण तिसऱ्या प्रकरणानंतर गायब का करतो? या पुस्तकात मैत्रीण खरोखरच गायब होते. तिने विचारले असते ते प्रश्न लेखकाला नको होते. हा दोष नीतीचा म्हणा, पण आधी तो कारागिरीचा आहे, आणि तो पानावर दाखवता येतो.

समीक्षकांचा वेळ मोजका, तो ज्यांना वाचक मिळत नाहीत अशा पुस्तकांना द्यावा, खपणाऱ्यांचा निकाल खप लावतोच, असंही म्हटलं जातं. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दुर्लक्षित पुस्तकाला मिळणारं एक पान लोकप्रिय पुस्तकाने खाल्लं तर मलाही वाईट वाटेल. पण खपाचा निकाल? किती प्रती विकल्या हे खप सांगतो; किती जणांनी पुस्तक पुरं वाचलं, किती जणांना ते वर्षभराने आठवलं, हे त्याला माहीत नसतं. १८९५ मध्ये मेरी कोरेलीची 'द सॉरोज ऑफ सेटन' इंग्लंडात धडाक्याने खपली. दोन वर्षांनी ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली, ती काही तशी खपली नाही. दोन्ही रंजनासाठीच लिहिलेल्या, दोन्हींत सैतानी शक्ती. आज कोरेलीचं नावही सांगावं लागतं. स्टोकरने गोष्ट रोजनिशा, पत्रं आणि तारांमधून सांगितली, त्यामुळे संकट वाचकाला आधी दिसतं आणि पात्रांना उशिरा. ते पानोपानी जवळ येत राहतं. ही बांधणी खपाच्या आकड्यात कुठे दिसणार होती?

आकड्यांवरून आपल्याकडचं एक दुखणं आठवतं. बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावं ऐकली की आजही कित्येकांचे डोळे चमकतात. त्यांच्याविषयी बोलणं निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: तो प्रचंड आकडा, आणि त्यांनी लोकांना वाचनाची गोडी लावली हे. दोन्ही खरं, दोन्ही आदराने म्हटलेलं. पण त्यातल्या दहा कोणत्या वाचू, असं मी जाणत्या वाचकांना विचारलं, तर उत्तर येतं "सगळ्याच भारी" किंवा "सगळ्या सारख्याच". हजार गोष्टी लिहिणाऱ्या माणसाची एखादी गोष्ट इतरांहून सरस असणार की नाही? ती कोणती आणि कशामुळे, हे सांगायला कोणी नसेल, तर त्यांच्या नावाचा आपण केलेला गौरव म्हणजे नुसती मोजदाद झाली.

आणि गोडी लावण्याचा तो मुद्दा. लोकप्रिय पुस्तक म्हणजे पायरी, आज हे वाचतील, उद्या थोर साहित्याकडे वळतील, असं त्यात गृहीत असतं. काही जण वळतात, मीही वळले. पण वळून पुन्हा परत आले, आणि परत येताना खाली उतरतो आहोत असं एकदाही वाटलं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नावच मुळी 'करमणूक'. 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातच क्रमशः आली. यमूचं बालपण, तिचं वैधव्य, तिच्यावर गुदरलेलं सगळं, हे वाचकांनी हप्त्याहप्त्याने, पुढे काय झालं या ओढीने वाचलं. ती ओढ लावणं हे हरिभाऊंना कमीपणाचं वाटलं नाही. करमणूक वेगळ्या मजल्यावर आणि साहित्य वेगळ्या मजल्यावर, ही बांधणी नंतरची आहे. पायरी म्हटलं की तिच्यावर पाय द्यायचा आणि पुढे जायचं, वाकून तिच्यावरचं कोरीवकाम कोण बघतो?

१६०५ च्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीत एक प्रसंग आहे, तो मला या वादात सारखा आठवतो. शूरवीरांच्या लोकप्रिय गोष्टी वाचून वाचून घरधन्याचं डोकं फिरलेलं आहे, तो झोपला असताना त्याची भाची, घर सांभाळणारी बाई, गावचा पाद्री आणि न्हावी मिळून त्याची पुस्तकं जाळायला निघतात. भाची आणि ती बाई म्हणतात, एकालाही दया नको, सगळी आगीत टाका. पाद्री मात्र म्हणतो, निदान नावं तरी बघू. मग एकेक पुस्तक हातात घेतलं जातं. पहिलंच निघतं 'अमादिस'. या सगळ्या थोतांडाचं मूळ हेच म्हणून पाद्री ते जाळायला सांगतो. न्हावी म्हणतो, नको, या प्रकारातलं हे सर्वांत उत्तम आहे असं ऐकलंय, म्हणून त्याला सोडा. आणि ते आगीतून वाचतं. 'या प्रकारातलं उत्तम': चारशे वर्षांपूर्वी एका कादंबरीतल्या न्हाव्याला हे निकष म्हणून सुचलं. बराच वेळ असं चालतं. मग पाद्री कंटाळतो आणि उरलेली मोठी पुस्तकं न बघताच अंगणात फेकायला सांगतो. ती बाई एकदम सात-आठ कवेत घेऊन खिडकीतून भिरकावते. त्या ओझ्यातलं एक निसटून न्हाव्याच्या पायाशी पडतं. तो वाकून नाव वाचतो: 'तिरांत'. पाद्री ओरडतोच, अरे, आण इकडे! यातले शूरवीर जेवतात, झोपतात, आपापल्या बिछान्यात मरतात, मरण्याआधी मृत्युपत्र करतात. बाकीच्या पुस्तकांत हे कुठे असतं? आणि न्हाव्याला म्हणतो, घरी ने आणि वाच, मग मी म्हणतो ते खरं की नाही तुझं तुला कळेल.